बरा झालेला कार्यकर्ता : व्यसनमुक्तीतील एका पेशाचा इतिहास

व्यसनातून स्वतः बाहेर पडलेली, पुष्कळदा तुरुंगातही जाऊन आलेली माणसे आपल्यासारख्याच दुसऱ्यांना सावरण्याचे काम करतात, ही गोष्ट आज व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात नेहमीची झाली आहे. केंद्रातला समुपदेशक, रात्रपाळीचा सेवक, तुरुंगातून सुटणाऱ्याची बाहेर वाट पाहणारा कार्यकर्ता, कधी संस्थेचा प्रमुखसुद्धा पूर्वाश्रमीचा पेशंट असतो. या पेशाला सव्वादोनशे वर्षांचा इतिहास आहे. त्यातला बराचसा अमेरिकेत घडला आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याची एक शाखा भारतात, विशेषतः मुंबई-पुण्याकडे रुजली. या सगळ्या काळात एक प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहिला : भोगून मिळालेल्या ज्ञानाला अधिकार द्यायचा, तर त्या अधिकाराला वेसण कोणती घालायची? वेसण नसली की कार्यकर्ता तरी कोसळला किंवा त्याचा हुकूमशहा तरी झाला. ती फार आवळली की ज्याच्या अनुभवासाठी हा पेशा निघाला, तोच दाराबाहेर राहिला.

पहिले प्रयोग

या परंपरेतले सर्वांत जुने ठळक नाव हँडसम लेक या अमेरिकेतल्या मूलनिवासी सेनेका जमातीच्या पुढाऱ्याचे आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस जमिनी गेल्या, शिकार संपली आणि गोऱ्या व्यापाऱ्यांची व्हिस्की वस्त्यावस्त्यांत पोहोचली. अशा काळात हँडसम लेक दारूपायी अंथरुणाला खिळला होता. 1799 मध्ये आपल्याला दैवी दर्शन झाले असे त्याने सांगितले, दारू सोडली आणि 1815 मध्ये मरेपर्यंत तो गावोगाव फिरून दारूबंदी, कुटुंबनिष्ठा आणि शेती यांचा उपदेश करीत राहिला. त्याची शिकवण पुढे सेनेकांसह सगळ्या इरोक्वा लोकांच्या धर्मपरंपरेचा भाग बनली. दारू सोडणे आणि मोडलेला समाज पुन्हा सांधणे ही दोन कामे त्याने एकच मानली होती.

गोऱ्या अमेरिकेत याच काळात दारूविरोधी चळवळ उभी राहत होती. डॉ. बेंजामिन रश यांनी 1784 मध्ये कडक दारूच्या दुष्परिणामांवर पुस्तिका लिहिली, 1826 मध्ये बोस्टनला अमेरिकन टेम्परन्स सोसायटी स्थापन झाली. पण या चळवळीचे पुढारी धर्मोपदेशक आणि प्रतिष्ठित नागरिक होते. जे पीत नाहीत त्यांनी पिऊ नये, एवढाच त्यांचा रोख होता. अट्टल दारुड्या त्यांच्या लेखी हाताबाहेर गेलेला होता.

1840 च्या एप्रिलमध्ये बाल्टिमोर शहरातल्या चेस यांच्या गुत्त्यात बसणाऱ्या सहा जणांनी हा समज उलटवला. शिंपी, सुतार, लोहार, चाके बनवणारा, बग्ग्या बनवणारा आणि चांदीकाम करणारा असे ते सहा कारागीर. त्यांच्यातले काही जण एका दारूविरोधी व्याख्यानाला डोकावून आले, त्यावर वाद झाला आणि अखेर सहाही जणांनी दारू सोडण्याची शपथ लिहून काढली. जॉर्ज वॉशिंग्टनच्या नावाने त्यांनी मंडळ काढले. मंडळाची रीत साधी होती. भाषणे द्यायची नाहीत, प्रत्येकाने स्वतःचे सांगायचे आणि पुढच्या बैठकीला एक नवा पिणारा घेऊन यायचे. नव्या माणसाला कपडे, काम आणि राहायला जागा मिळवून देणे हेही सभासदांचे कर्तव्य होते. जॉन हॉकिन्स हा टोप्या बनवणारा कारागीर त्याच वर्षी मंडळात आला आणि 1841 मध्ये न्यूयॉर्क व बोस्टनच्या सभांतून त्याने आपली कहाणी सांगितली. त्यानंतर चळवळ आगीसारखी पसरली. स्त्रियांसाठी मार्था वॉशिंग्टन मंडळेही निघाली.

22 फेब्रुवारी 1842 रोजी स्प्रिंगफील्डच्या वॉशिंग्टनियन मंडळासमोर अब्राहम लिंकन या तरुण वकिलाने भाषण केले. धर्मोपदेशक, वकील आणि पगारी प्रचारक यांचे हितसंबंध ऐकणाऱ्याला दिसतात, म्हणून त्यांचे बोलणे लागू पडत नाही; जो स्वतः त्या खाईतून वर आला त्याच्या हेतूबद्दल शंका घ्यायला जागाच नसते, असा त्याचा युक्तिवाद होता. जे कधी प्याले नाहीत त्यांची सरशी सद्गुणामुळे नव्हे, पिण्याची ओढच नसल्यामुळे झालेली असते, असेही तो म्हणाला. अनुभवी कार्यकर्त्याच्या बाजूने झालेले हे पहिले मोठे समर्थन होय.

तरीही पाच-सहा वर्षांत वॉशिंग्टनियन मंडळे ओसरली. दारूबंदीचा कायदा करावा की नाही यावर फूट पडली. धर्मसंस्थांशी खटके उडाले. सभांतल्या कहाण्या रंजक होत गेल्या आणि त्या सांगणारे व्यासपीठावरचे नट बनले. जॉन गॉफ हा पुस्तकबांधणी करणारा कारागीर त्यांच्यातला सर्वांत नावाजलेला वक्ता. 1845 मध्ये न्यूयॉर्कमध्ये तो काही दिवस बेपत्ता झाला आणि नशेच्या अवस्थेत सापडला. आपल्याला फसवून पाजले, असे त्याने सांगितले. विरोधकांनी त्याचे भांडवल केले. गॉफ पुन्हा उभा राहिला आणि मरेपर्यंत व्याख्याने देत राहिला. पण एका माणसाच्या घसरणीने सगळ्या कामावर शिंतोडे उडतात, हा धोका तेव्हापासून या पेशाला चिकटला. चळवळीने मागे ठेवलेली टिकाऊ गोष्ट म्हणजे निवासी घरे. बोस्टनला 1857 मध्ये आणि शिकागोला 1863 मध्ये वॉशिंग्टनियन होम सुरू झाले आणि पिणाऱ्याला काही काळ ठेवून घेऊन सावरण्याची पद्धत त्यांनी घालून दिली.

तुरुंगातून वॉटर स्ट्रीटवर

व्यसन आणि तुरुंग हे दोन्ही धागे पहिल्यांदा एकत्र आले ते जेरी मॅकॉलीच्या आयुष्यात. आयर्लंडमध्ये जन्मलेला हा मुलगा न्यूयॉर्कच्या बंदरात नावांवर चोऱ्या करीत वाढला. एकोणिसाव्या वर्षी दरोड्याच्या आरोपावरून त्याला पंधरा वर्षांहून अधिक शिक्षा झाली आणि त्याची रवानगी सिंग सिंग तुरुंगात झाली. तिथे एके दिवशी ऑरव्हिल गार्डनर हा पूर्वीचा मुष्टियोद्धा कैद्यांशी बोलायला आला. मॅकॉली त्याला बाहेरच्या जगातून ओळखत होता. त्या बोलण्याने तो हलला. 1864 मध्ये त्याला माफी मिळून सुटका झाली. पण सुटल्यावर काम नाही, घर नाही, ओळखीचे फक्त जुने सोबती. तो पुन्हा दारू आणि चोरीत शिरला. सुधारलेला कैदी आणि सुटलेला कैदी यांच्यात किती अंतर असते, ते त्याला इथे कळले.

पुढे सावरल्यावर ऑक्टोबर 1872 मध्ये मॅकॉली आणि त्याची पत्नी मारिया यांनी 316, वॉटर स्ट्रीट येथे ‘हेल्पिंग हँड फॉर मेन’ हे घर उघडले. मारियाही दारूतून बाहेर आलेली होती. बंदराजवळची ती गल्ली न्यूयॉर्कमधल्या सर्वांत बदनाम वस्त्यांपैकी एक. रोज संध्याकाळी प्रार्थना, गाणी आणि थोडक्यात सांगितलेले अनुभव असा कार्यक्रम असे. लांबण लावणाऱ्याला मॅकॉली सरळ खाली बसवत असे. जेवण आणि झोपायला जागा मिळे आणि तुरुंगातून सुटून आलेल्याला कुणी आरोपाबद्दल विचारत नसे. 1884 मध्ये मॅकॉली वारला. काही काळाने ते काम सॅम्युएल हॅडलीकडे आले. तो मॅकॉलीनेच पुढे काढलेल्या दुसऱ्या मिशनमध्ये दारू सोडलेला माणूस होता. तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांनी 1902 च्या आपल्या धर्मानुभवावरच्या ग्रंथात हॅडलीची हकीकत नोंदवली. बऱ्या झालेल्याने संस्था काढायची आणि त्याच्याच कामातून बऱ्या झालेल्याने ती पुढे चालवायची, हा वारसाक्रम मॅकॉलीच्या घरात पहिल्यांदा स्पष्ट दिसतो.

पगार घ्यावा की नाही

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बोस्टनच्या इमॅन्युएल चर्चमध्ये 1906 पासून धर्मोपदेशक आणि डॉक्टर मिळून मानसिक उपचार देत होते. तिथे 1911 मध्ये दारूसाठी उपचार घेतलेला कोर्टने बेलर पुढे तिथेच इतर पिणाऱ्यांवर काम करू लागला. वैद्यकीय पदवी नसलेला, पण या कामाचा पगार घेणारा बरा झालेला समुपदेशक असा त्याचा उल्लेख इतिहासात होतो. 1919 मध्ये त्याने आपल्या पद्धतीवर पुस्तक लिहिले. मात्र ही वाट फार रुंद झाली नाही. आर्थिक महामंदी आली तेव्हा बहुतेक जुन्या संस्था बंद पडल्या होत्या.

मे 1935 मध्ये ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावात न्यूयॉर्कचा शेअर दलाल बिल विल्सन आणि स्थानिक शल्यविशारद डॉ. रॉबर्ट स्मिथ यांची गाठ पडली. विल्सनला दारू सोडून पाच-सहा महिने झाले होते. व्यवहार फसला होता आणि हॉटेलच्या बारकडे पाय वळू पाहत होते. आपण वाचायचे तर दुसऱ्या पिणाऱ्याशी बोलले पाहिजे, या विचाराने त्याने एकेक फोन करत स्मिथला गाठले. मदत करणारा इथे स्वतःसाठी मदत करत होता, आणि म्हणून ऐकणाऱ्यावर उपकाराचे ओझे नव्हते. स्मिथने 10 जून 1935 रोजी शेवटचा पेला घेतला आणि तो दिवस अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा म्हणजे ‘एए’चा स्थापनादिन मानला जातो. 1939 मध्ये संघटनेचे पुस्तक निघाले. मार्च 1941 मध्ये ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’ साप्ताहिकात लेख आल्यावर वर्षभरात सभासद सुमारे दोन हजारांवरून आठ हजारांवर गेले.

सावरण्यासाठी एएने आखलेल्या बारा पायऱ्यांची चर्चा पुष्कळ होते. या पेशाच्या दृष्टीने मात्र एक कमी चर्चिलेला प्रसंग महत्त्वाचा आहे. 1936 मध्ये न्यूयॉर्कच्या टाउन्स हॉस्पिटलच्या मालकाने विल्सनला नोकरी देऊ केली. त्याच रुग्णालयात विल्सन स्वतः बरा झाला होता. घरात पैशाची चणचण होती, पत्नीच्या पगारावर संसार चालला होता. ब्रुकलिनच्या घरी जमणाऱ्या मंडळींना त्याने ही बातमी आनंदाने सांगितली. मंडळींनी नकार दिला. एकाने पगार घेतला की बाकीचे फुकट का करतील, आणि नवा माणूस ते बोलणे कसे ऐकेल, असा त्यांचा सवाल होता. विल्सनने नोकरी नाकारली. पुढे 1950 मध्ये स्वीकारलेल्या बारा परंपरांत हा विचार नियम बनून आला : एएचे काम बिनपगारी राहील, सभासदांची नावे जाहीर होणार नाहीत, संघटना मालमत्ता जमवणार नाही आणि पुढारी हे सेवक असतील, राज्यकर्ते नव्हेत. वॉशिंग्टनियन मंडळे ज्या खडकांवर आपटली, ते खडक नकाशावर नोंदवून ठेवल्यासारखे हे नियम आहेत.

तुरुंगांत एए लवकर शिरली. कॅलिफोर्नियाच्या सॅन क्वेंटिन तुरुंगात वॉर्डन क्लिंटन डफी यांच्या काळात, 1942 मध्ये पहिला गट सुरू झाला. बाहेरचे सभासद आत जाऊन बैठक घेत आणि कैदी सुटला की त्याच्या गावच्या गटाचा पत्ता त्याच्या हातात असे. अफूजन्य पदार्थांच्या व्यसनींसाठी केंटकीतल्या लेक्सिंग्टन येथे सरकारचे तुरुंगवजा रुग्णालय 1935 पासून होते. तिथे 1947 मध्ये असाच गट निघाला. 1953 मध्ये लॉस एंजेलिस परिसरात नार्कोटिक्स अ‍ॅनॉनिमस उभी राहिली.

बिनपगारी तत्त्व एएपुरते टिकले, पण रुग्णालयांना या माणसांची गरज होती. मिनेसोटातल्या विलमर येथील सरकारी मनोरुग्णालयात डॉ. नेल्सन ब्रॅडली आणि मानसशास्त्रज्ञ डॅनियल अँडरसन यांनी डॉक्टर, परिचारिका आणि मानसशास्त्रज्ञांच्या पथकात बऱ्या झालेल्या मद्यपींना बरोबरीची जागा दिली. 1954 मध्ये मिनेसोटाने सरकारी नोकरीत ‘मद्यासक्ती समुपदेशक’ असे पदच निर्माण केले. हीच पद्धत 1949 मध्ये सुरू झालेल्या हेझल्डन केंद्रातून ‘मिनेसोटा पद्धत’ म्हणून जगभर गेली. बऱ्या झालेल्याचे काम इथे नोकरी झाले. मात्र त्याच्यावर पथकाची देखरेख होती आणि त्याचा स्वतःचा आधार म्हणून एएचा गट वेगळा राहिला.

सिनॅनॉन आणि डिलॅन्सी स्ट्रीट

देखरेख नसली तर काय होते, ते सिनॅनॉनने दाखवले. एएतून आलेल्या चार्ल्स डेडरिकने 1958 मध्ये कॅलिफोर्नियात सांता मोनिकाजवळच्या ओशन पार्क येथे हा समूह काढला. हेरॉइनच्या व्यसनींना तेव्हा कुठे थारा नव्हता. डॉक्टर हात टेकत आणि न्यायालये तुरुंगात पाठवत. सिनॅनॉनमध्ये ते एकत्र राहू लागले, काम करू लागले आणि नशेविना दिवस काढू लागले. ‘गेम’ नावाच्या बैठकीत एकमेकांवर तोंडसुख घेऊन खोटेपणा उघडा पाडायचा, हे मुख्य तंत्र. वृत्तपत्रांनी कौतुक केले, न्यायाधीश आरोपींना तिकडे पाठवू लागले.

हळूहळू बाहेर परत जाण्याचे उद्दिष्टच सोडून दिले गेले आणि आयुष्यभर समूहात राहावे असे ठरले. 1970 च्या दशकात सक्तीने मुंडण, पुरुषांवर नसबंदीचा दबाव, जोडप्यांची ताटातूट हे सगळे डेडरिकच्या शब्दावर होऊ लागले. समूहाने स्वतःला धर्म म्हणून जाहीर केले. ऑक्टोबर 1978 मध्ये समूहाविरुद्ध खटले चालवणाऱ्या पॉल मोरँट्झ या वकिलाच्या पत्रपेटीत खुळखुळ्या साप सोडण्यात आला. साप चावला, पण वकील वाचला. त्या वर्षाच्या अखेरीस डेडरिकला अटक झाली तेव्हा तो नशेत होता. 1991 मध्ये समूह संपला.

सिनॅनॉनच्या पद्धतीतून मात्र ‘थेरप्युटिक कम्युनिटी’ ही निवासी पद्धत जगाला मिळाली. न्यूयॉर्कमध्ये 1963 मध्ये डेटॉप आणि 1967 मध्ये फिनिक्स हाउस उभे राहिले. तिथे डॉक्टर आणि विश्वस्त मंडळ यांच्याबरोबर बरे झालेले रहिवासी काम करू लागले. याच पिढीत आणखी एक ताण निर्माण झाला. व्हिन्सेंट डोल आणि मारी निस्वांडर यांनी 1960 च्या दशकाच्या मध्यास न्यूयॉर्कमध्ये हेरॉइनच्या व्यसनींना मेथाडोन हे औषध देऊन स्थिर ठेवण्याचा उपचार सिद्ध केला. औषधाविना सुटलेल्या अनेक कार्यकर्त्यांना ही एका नशेच्या जागी दुसरी नशा वाटली. ज्या वाटेने आपण बाहेर आलो तीच खरी, असे मानण्याची खोड अनुभवाच्या अधिकाराला असते. तिच्यामुळे पुढची कित्येक वर्षे औषधोपचार घेणाऱ्यांना अनेक केंद्रांची दारे बंद राहिली.

सॅन फ्रान्सिस्कोत 1971 मध्ये जॉन मेहर या शिक्षा भोगून आलेल्या, पूर्वी हेरॉइन घेणाऱ्या माणसाने डिलॅन्सी स्ट्रीट फाउंडेशन सुरू केले. गुन्हेशास्त्रज्ञ मिमी सिल्बर्ट लवकरच त्याला येऊन मिळाल्या. बहुतेक रहिवासी अनेकदा तुरुंगात जाऊन आलेले. किमान दोन वर्षे राहायचे, मारहाण आणि नशा पूर्ण बंद, आणि जो आधी आला त्याने नंतर आलेल्याला शिकवायचे. सातवी शिकलेला पाचवी शिकलेल्याला शिकवतो, स्वयंपाक येणारा न येणाऱ्याला उभा करतो. सामान हलवण्याचा धंदा, उपाहारगृह, छपाई अशा व्यवसायांवर संस्था चालते. समुद्रकिनाऱ्यालगतची आपली मोठी वास्तू 1980 च्या दशकाच्या अखेरीस रहिवाशांनी स्वतः बांधली. त्यांतल्या बहुतेकांना आधी बांधकामाचा गंधही नव्हता. मेहर 1980 च्या दशकात पुन्हा दारूत गेला, संस्थेतून बाजूला झाला आणि 1988 मध्ये वारला. संस्था चालू राहिली, कारण ती एका माणसाच्या अनुभवावर उभी नव्हती. सिनॅनॉन आणि डिलॅन्सी स्ट्रीट यांची सुरुवात सारखीच होती. शेवट वेगळा झाला तो रहिवाशांनी शिकून बाहेर पडायचे की आतच राहायचे, या उत्तरामुळेही.

प्रमाणपत्र आणि बंद दार

1970 च्या अखेरीस अमेरिकेत ‘ह्यूज कायदा’ झाला. त्याचे प्रणेते आयोवाचे सिनेटर हॅरल्ड ह्यूज हे स्वतः मद्यासक्तीतून बाहेर आलेले होते आणि ते उघडपणे सांगत. या कायद्याने उपचारांसाठी सरकारी पैसा आणि राष्ट्रीय संस्था आली. पैशामागोमाग परवाने, विमा आणि प्रमाणपत्रे आली. पुढच्या दोन दशकांत समुपदेशकाला पदवी लागू लागली आणि पदवी नसलेले जुने कार्यकर्ते मागे पडले. यात नुकसान होते तसे कारणही होते : दिवसरात्र काम करून थकलेले आणि पुन्हा प्यायला लागलेले समुपदेशक त्या काळाने पुष्कळ पाहिले होते.

याच वर्षांत अमलीपदार्थविरोधी कायदे कडक झाले. न्यूयॉर्कने 1973 मध्ये आणि संघराज्याने 1986 मध्ये किमान शिक्षा वाढवल्या. पाच ग्रॅम क्रॅक कोकेन विक्रीसाठी बाळगल्यास जी पाच वर्षे मिळत, ती भुकटीच्या कोकेनसाठी पाचशे ग्रॅमवर मिळत. या फरकाचा फटका काळ्या वस्त्यांना बसला. राज्य आणि संघीय तुरुंगांतले कैदी 1980 मध्ये सुमारे 3 लाख 30 हजार होते, ते 2009 मध्ये 16 लाखांच्या घरात गेले. सुटून आलेल्यांसाठी वाट आणखी अरुंद झाली. 1996 च्या कायद्याने अमलीपदार्थांच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्यांना अन्नसाहाय्य आयुष्यभर नाकारण्याची तरतूद केली. सरकारी घरे आणि अनेक नोकऱ्याही बंद होत्या. वॉशिंग्टन राज्यातून सुटलेल्या कैद्यांचा 2007 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका सर्वसामान्य लोकांच्या जवळजवळ तेरापट होता आणि मुख्य कारण अमलीपदार्थांचा अतिरेकी डोस हे होते. तुरुंगात सवय तुटलेली असते. शरीर जुनी मात्रा पेलत नाही.

लॉस एंजेलिसच्या सुझन बर्टन यांचे काम या परिस्थितीतून उभे राहिले. त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पोलीस अधिकाऱ्याच्या गाडीखाली गेला. त्या दुःखात त्या क्रॅकच्या आहारी गेल्या आणि पुढची दीड दशके तुरुंगाच्या आतबाहेर करत राहिल्या. 1997 मध्ये सांता मोनिकातल्या एका केंद्रात त्यांना उपचार मिळाला. त्या श्रीमंत भागात मिळणारी मदत आपल्या वस्तीत का नाही, हा प्रश्न त्यांनी घरी आणला आणि 1998 मध्ये वॉट्स भागात एक लहान घर घेऊन तुरुंगातून सुटणाऱ्या स्त्रियांना ठेवून घ्यायला सुरुवात केली. कैदी उतरत त्या बस थांब्यावर दलाल आणि विक्रेते टपलेले असत. बर्टनही तिथे जाऊन उभ्या राहू लागल्या. ‘अ न्यू वे ऑफ लाइफ’ या त्यांच्या संस्थेने पुढे घरांची संख्या वाढवली. मुलांचा ताबा परत मिळवणे आणि जुनी शिक्षा नोंदीतून काढणे यासाठी कायदेशीर मदतही ती देऊ लागली. हक्कांची लढाई आणि निवारा यांची अशी सांगड हे या पिढीचे वैशिष्ट्य आहे.

सरकारी धोरणही वळले. जॉर्जिया राज्याने 1999 मध्ये मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात अनुभवी सहकाऱ्याच्या सेवेला सरकारी विम्यातून पैसे देण्याची सुरुवात केली. 2007 मध्ये संघराज्य सरकारने सगळ्या राज्यांना व्यसनाच्या क्षेत्रासह हा मार्ग मोकळा करून दिला. प्रशिक्षण, प्रमाणपत्र आणि देखरेख या त्याच्या अटी. 2008 च्या ‘सेकंड चान्स’ कायद्याने सुटलेल्या कैद्यांच्या पुनर्वसनाला अनुदान दिले आणि त्यात मार्गदर्शक सोबत्यांची सोय होती. मात्र ज्याचा तुरुंगवास ही या कामातली पात्रता, त्यालाच पार्श्वभूमी तपासणीत नोकरी नाकारली जाते, ही विसंगती अनेक ठिकाणी उरली. परिणामांबद्दलही पुरावा जमला. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, वैद्यकीय अभ्यासांच्या एकत्रित कॉक्रेन आढाव्यात 27 अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक व्यक्तींची माहिती तपासली गेली. एएशी जोडून देणारे शिस्तबद्ध उपचार दारू पूर्ण सोडण्याच्या बाबतीत इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरले.

मुंबई, पुणे आणि भारत

भारतात एए 1957 मध्ये दिल्लीत आली आणि लवकरच मुंबईत रुजली. मुंबई राज्यात तेव्हा 1949 च्या कायद्याची दारूबंदी होती; कागदोपत्री पिणाराच नव्हता, मग त्याच्या उपचाराची सोय कुठून असणार! नंतरच्या काळात चर्चच्या खोल्या आणि शाळांचे वर्ग बैठकींना मिळत गेले. वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये धर्मगुरू जो परेरा यांनी 1981 मध्ये कृपा फाउंडेशन सुरू केले. ते स्वतः मद्यासक्तीतून बाहेर आलेले आहेत आणि बी. के. एस. अय्यंगारांचे शिष्य. बारा पायऱ्यांना त्यांनी योगासनांची जोड दिली. कृपाची केंद्रे देशाच्या अनेक राज्यांत पोहोचली. 2009 मध्ये परेरा यांना पद्मश्री मिळाली.

1980 च्या दशकात मुंबईच्या वस्त्यांत ब्राऊन शुगर, म्हणजेच गर्द, आली आणि पुण्यातही पसरली. 1985 मध्ये केंद्राचा अमलीपदार्थविरोधी कायदा झाला. लेखक अनिल अवचट यांनी गर्दच्या विळख्यावर लिहिलेल्या लेखांनी महाराष्ट्र हादरला. ते वाचून पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांनी एक लाख रुपये देऊ केले आणि 29 ऑगस्ट 1986 रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ सुरू झाले. अनिल अवचट यांच्या पत्नी डॉ. सुनंदा ऊर्फ अनिता यांनी ते घडवले. व्यसनाचा अनुभव नसलेल्या डॉक्टरच्या हाती नेतृत्व आणि बऱ्या झालेल्या मित्रांच्या हाती रोजचे काम, अशी इथली मांडणी. स्वागताच्या टेबलापासून समुपदेशनापर्यंत पूर्वीचे पेशंट दिसतात. घरी गेल्यावर फॉलोअप, गावोगावचे गट आणि व्यसनी माणसांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ गट यांतून घरच्यांच्या अनुभवालाही जागा मिळाली. 1997 मध्ये डॉ. अनिता अवचट गेल्यावर हे काम त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर आणि तिथेच तयार झालेले सहकारी पुढे नेत आहेत. चेन्नईत शांती रंगनाथन यांनी पतीच्या मद्यासक्तीने झालेल्या मृत्यूनंतर 1980 मध्ये टीटीके रुग्णालयाची पायाभरणी केली. तिथेही अनुभव घरच्या माणसाचा होता.

ईशान्येत हा पेशा वेगळ्या कारणाने वाढला. मणिपुरात 1990 च्या सुमारास सुईने नशा करणाऱ्यांत एचआयव्ही झपाट्याने पसरला आणि त्यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठी त्यांच्यातलेच लोक लागले. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाने पुढे ‘पीअर एज्युकेटर’ ही मानधनाची जागाच ठरवून दिली. दुसऱ्या बाजूला काही राज्यांत जुजबी अनुभवावर निघालेल्या खासगी केंद्रांत कोंडून ठेवणे आणि मारहाण यांच्या तक्रारी झाल्या, प्रकरणे न्यायालयांत गेली. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने व्यसनासंबंधीच्या आजारांनाही आपल्या कक्षेत घेतले आणि रुग्णाच्या हक्कांची चौकट घातली.

तुरुंगाशी जोडणारा दुवा मात्र भारतात अजून बारीक आहे. 1985 च्या कायद्यातील कलम 39 आणि 64-अ व्यसनी आरोपीला काही अटींवर शिक्षेऐवजी उपचाराची वाट देतात, पण ती वाट चालवणारी अनुभवी माणसे न्यायालय, तुरुंग आणि व्यसनमुक्ती केंद्र या तिन्ही ठिकाणी नियमाने नेमलेली नाहीत. एएचे सभासद अनेक तुरुंगांत जातात, काही संस्था कारागृहात समुपदेशन करतात, आणि सुटल्यानंतरचा पहिला पंधरवडा बहुतेक वेळा घरच्यांवर किंवा नशिबावर सोडलेला असतो.

दोन शतकांच्या या प्रवासातून काही अटी पक्क्या झाल्या आहेत. कार्यकर्त्याने स्वतः सावरून पुरेसा काळ गेलेला असावा. त्याचा स्वतःचा आधारगट त्याच्या नोकरीपासून वेगळा असावा. त्याच्या कामावर दुसऱ्या कुणाची नजर असावी. औषधोपचाराला त्याने विरोध करू नये. संस्थेने माणसाला बाहेरच्या जगात पाठवण्यासाठी तयार करावे. आणि कार्यकर्ता पुन्हा घसरला, तर त्याला परत येता येईल आणि त्याचे काम मात्र थांबणार नाही, अशी सोय आधीच केलेली असावी. बहुतेक अटी कुणाच्या तरी पडझडीनंतर लिहिल्या गेल्या आणि ज्या संस्थांनी त्या पाळल्या, त्या आपल्या संस्थापकांपेक्षा जास्त जगल्या.